मळीची व्हिस्की आणि स्कॉटलंडचा ढोलवाला



शीर्षक वाचून आमच्या नात्यातल्या काही जणांच्या भुवया वर गेल्या असतील. पंच्याहत्तरीकडे झुकलेल्या मास्तरांना हे काय सुचले! तर आधीच सांगून टाकतो. आयुष्यात थेंब घेतलेला नाही, आणि आता सुरुवात करायचा विचारही नाही. पण ज्या भागात जन्म गेला त्या भागातल्या वाऱ्यालाच मळीचा वास आहे. गळिताच्या दिवसांत खिडकी उघडी ठेवली की तो वर्गात यायचा. मग त्या वासाचा इतिहास मास्तरांनी सांगितला तर बिघडले कुठे?

शिवाय आम्ही इतिहासवाले शिलालेख वाचतो, ताम्रपट वाचतो, जुन्या बखरी वाचतो. बाटलीवरचा कागद हाही एक लेखच आहे. तो कोणी लिहिला, कोणासाठी लिहिला, त्यात काय सांगितले आणि काय सांगायचे टाळले, हे प्रश्न ताम्रपटाला विचारतो तेच या कागदालाही विचारता येतात. आणि उत्तरे मोठी मजेशीर येतात हो!

आधी थोडा भूगोल. श्रीरामपूर हे रेल्वे स्टेशनाभोवती वाढलेले गाव. त्या स्टेशनाचे नाव आजही बेलापूरच आहे. १९२६ साली भंडारदऱ्याचे धरण पूर्ण झाले, प्रवरेचे पाणी कालव्यांनी खेळू लागले आणि ज्वारी-बाजरीच्या मुलखात ऊस उभा राहिला. हरेगावला बेलापूर कंपनीचा साखर कारखाना. टिळकनगरला महाराष्ट्र शुगर मिल्स, जिची स्थापना १९३३ साली महादेव डहाणूकरांनी केली. आणि लोणीला विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून उभा राहिलेला प्रवरेचा सहकारी कारखाना, ज्याने शेतकऱ्याला कारखान्याचा मालक केले. हा इतिहास आपल्याकडे पोराटोरांना पाठ असतो.

पाठ नसते ती पुढची गोष्ट. एक टन ऊस गाळला की साधारण शंभर-सव्वाशे किलो साखर मिळते आणि चाळीस-पंचेचाळीस किलो मळी उरते. मळी म्हणजे साखर काढून घेतल्यावर राहिलेला काळा, चिकट पाक. एक टन मळी आंबवून ऊर्ध्वपातन केले की सव्वादोनशे ते अडीचशे लिटर मद्यार्क निघतो. तो पुन्हा पुन्हा शुद्ध केला की त्याला ना चव उरते, ना वास, ना रंग. व्यवहारात त्याला म्हणतात ई.एन.ए. बाजारातली भाषा सोडली तर सरळ अर्थ एवढाच, की हा असा मद्यार्क आहे ज्याला स्वतःचे काही सांगायचे नाही.

आणि ज्याला स्वतःचे काही सांगायचे नसते, त्याच्या तोंडी काहीही घालता येते. संत्र्याचा अर्क घातला की संत्रा, म्हणजे देशी दारू. जळक्या साखरेचा रंग आणि थोडे माल्ट घातले की व्हिस्की. वेगळा स्वाद घातला की ब्रँडी. पहिलीच्या बाटलीवर मराठीत 'देशी दारू' असे ठळक छापलेले असते. दुसरी आणि तिसरी होते 'विदेशी मद्य'. सरकारी भाषेत तिचे पूर्ण नाव 'भारतात तयार झालेली विदेशी दारू' असे आहे. माझ्या चाळीसएक वर्षांच्या मराठीच्या अध्यापनात विरोधाभास अलंकाराला याहून चांगले उदाहरण मला सापडले नाही! एकाच उसाची दोन पोरे, एक मराठी बोलणारे आणि एक इंग्रजी. इंग्रजी बोलणाऱ्याची किंमत जास्त.

टिळकनगरची साखर पुढे मागे पडली आणि मद्यार्क पुढे आला. १९९३ साली कंपनीचे नाव टिळकनगर इंडस्ट्रीज झाले. 'मॅन्शन हाऊस' ही त्यांची ब्रँडी दक्षिणेत फार खपते. २०२५ च्या जुलैत याच कंपनीने पर्नो रिकार या बड्या फ्रेंच कंपनीकडून 'इम्पीरियल ब्लू' ही व्हिस्की विकत घेण्याचा चार हजार कोटींवरचा करार केला. आमच्या उसाच्या रानात सुरू झालेली कंपनी फ्रेंचांकडून व्हिस्की विकत घेते, याचा गावाला अभिमान वाटला तर त्यात नवल नाही. मला कुतूहल वाटते ते नावांचे. मॅन्शन हाऊस काय, इम्पीरियल काय, कुरियर नेपोलियन काय! सगळ्या देशभर हीच तऱ्हा आहे. बाटलीवर वाडे, सरदार, वाघ-सिंह, पदके सगळे असते. ऊस मात्र कुठेच नसतो.

आता मूळ गोष्टीकडे येतो. ती आपल्या लोणीचीच आहे, आणि कायद्याच्या पुस्तकांत छापून आलेली आहे.

प्रवरा सहकारी साखर कारखान्याने १९८० च्या दशकात व्हिस्की बाजारात आणली होती. नावे होती 'ड्रम बीटर' आणि 'गोल्ड टायकून'. बाटलीवर 'ब्लेंडेड विथ स्कॉच' असे शब्द होते, आणि चित्र होते एका ढोलवाल्याचे. आपल्याकडचा ढोल-ताशाचा गडी नव्हे बरे का! स्कॉटलंडचा, चौकड्यांचा घागरा नेसलेला. स्कॉटलंडमधल्या व्हिस्की उत्पादकांची 'स्कॉच व्हिस्की असोसिएशन' नावाची संघटना आहे. ती थेट मुंबई उच्च न्यायालयात आली. तिचे म्हणणे असे, की ज्यांचा माल स्कॉटलंडचा नाही त्यांनी आमच्या नावाचा आणि आमच्या वेशाचा उपयोग करून माल खपवू नये.

न्यायमूर्ती धानुका यांनी संघटनेच्या बाजूने अंतरिम मनाईहुकूम दिला. हा निकाल १९९२ च्या निकालसंग्रहात छापलेला आहे आणि वकिलीच्या अभ्यासक्रमात आजही शिकवतात. मथितार्थ असा, की 'स्कॉच' हा शब्द आणि तो ढोलवाला मिळून गिऱ्हाइकाच्या मनात जो समज निर्माण करतात तो खरा नाही; स्कॉचच्या नावलौकिकावर नफा वाढवण्याचा हा प्रकार प्रथमदर्शनी गैर आहे. एकट्या प्रवरेचाच हा दोष होता असे मात्र कोणी समजू नये. त्या आधी दिल्ली उच्च न्यायालयात डायर मीकिन ब्रुअरीज या जुन्या कंपनीचे 'हायलँड चीफ' हे नाव आणि त्यावरच्या स्कॉटिश सरदाराचे चित्र याच कारणाने अडकले होते. सगळा बाजारच तेव्हा घागरे नेसून उभा होता!

हा निकाल पहिल्यांदा वाचला तेव्हा माझ्या मनात दोन विचार आले. पहिला असा, की ज्या कारखान्याने 'ऊस आमचा, कारखाना आमचा' असे ताठ मानेने जगाला सांगितले, त्याच्या बाटलीला स्कॉटलंडच्या ढोलवाल्याची गरज का पडावी? दुसरा विचार जास्त टोचणारा. या खटल्यात बाजू दोन होत्या, विकणारा इथला आणि विकणारा तिथला. विकत घेणारा कुठेच नव्हता. त्याचे नाव दोन्ही बाजूंच्या तोंडी होते, पण तो स्वतः कोर्टात नव्हता.

हे स्कॉटलंडवाले नावासाठी एवढे का भांडतात, हे कळायला शंभर वर्षे मागे लंडनला जावे लागते. तिथे मात्र एकदा गिऱ्हाइकाची बाजू घेऊन कोणीतरी उभे राहिले होते. आणि ते कोण? एक नगरपालिका!

लंडनमधल्या इस्लिंग्टन भागाच्या कौन्सिलने १९०५ साली दोन दारूविक्रेत्यांवर खटला भरला. कायदा अन्नभेसळीचा होता. गिऱ्हाइकाने जे मागितले त्याच प्रतीचा माल त्याला मिळाला पाहिजे, असे तो कायदा सांगत होता. कौन्सिलचे म्हणणे, लोक व्हिस्की मागतात आणि तुम्ही देता यंत्रातून काढलेला स्वस्त धान्याचा मद्यार्क, नावाला थोडे माल्ट घालून. फोर्डहॅम नावाच्या मॅजिस्ट्रेटने १९०६ साली कौन्सिलच्या बाजूने कौल दिला. अपिलात न्यायाधीशांची मते समसमान पडली आणि प्रश्न लोंबकळत राहिला. शेवटी १९०८ साली 'व्हिस्की म्हणजे काय' हे ठरवायला चक्क रॉयल कमिशन नेमले गेले. १९०९ साली कमिशनने सांगितले, की यंत्राचा धान्य-मद्यार्कही व्हिस्कीच. माल्टचे किमान प्रमाण ठरवायलाही त्याने नकार दिला. म्हणजे नगरपालिका हरली, गिऱ्हाईकही हरले.

लाकडी पिंपात मुरवण्याची अट आली तीही गिऱ्हाइकाच्या प्रेमापोटी नव्हे. पहिल्या महायुद्धात कामगार पिऊन कामावर येतात म्हणून १९१५ साली ब्रिटिश सरकारने कच्ची, ताजी दारू विकायला बंदी केली. आधी दोन वर्षे मुरवा म्हणाले, मग १९१६ मध्ये तीन वर्षे. आज स्कॉच म्हणजे तीन वर्षे ओकच्या पिंपात, चाळीस टक्क्यांहून कमी नाही, वय लिहायचेच तर मिश्रणातल्या सर्वांत कोवळ्या मद्याचे लिहायचे, हे सगळे आपण पावित्र्याने ऐकतो. त्याचे मूळ युद्धाच्या धावपळीत आहे!

युरोपात आज नियम असा आहे, की व्हिस्की धान्याचीच हवी आणि तीन वर्षे मुरलेली हवी. मळीच्या मद्यार्काला तिथे व्हिस्की म्हणता येत नाही. आपले कारखानदार म्हणतात, तीन वर्षांची अट आमच्यावर लादणे अन्यायाचे आहे, कारण आमच्या उन्हात पिंपातले मद्य लवकर मुरते आणि भराभर उडूनही जाते. त्यात तथ्य आहे. स्कॉटलंडमध्ये वर्षाला दोनेक टक्के उडते, आपल्याकडे दहाच्या आसपास. पण वयाचा वाद वेगळा आणि कशापासून केले हे सांगण्याचा वाद वेगळा. बंगळूरच्या 'अमृत'ने २००४ साली आपली सिंगल माल्ट नेऊन विकली ती थेट ग्लासगोला, स्कॉटलंडच्या घरात. नाव भारतीय, माल कशाचा ते सांगितलेले. घागऱ्याची काही गरज पडली नाही.

या मालिकेतला आपल्याकडचा सर्वांत मोठा खटला म्हणजे 'पीटर स्कॉट'चा. बंगळूरच्याच खोडे कंपनीने ही व्हिस्की १९६८ मध्ये काढली. स्कॉच संघटनेला ते १९७४ मध्ये कळले, पण तिने अर्ज केला तो १९८६ मध्ये. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल २००८ च्या मे महिन्यात लागला, खोडे यांच्या बाजूने. मुख्य कारण असे, की तुम्ही इतकी वर्षे गप्प का बसलात? पण त्या निकालात आणखी एक मुद्दा आहे, तो मला फार महत्त्वाचा वाटतो. न्यायालय म्हणते, व्हिस्की घेणारा वर्ग शिकलेला आणि पैसेवाला असतो, तो लेबल बघून घेतो, सहज फसत नाही. जो माल खेड्यातला, निरक्षर, गरीब माणूस घेतो, तिथे कसोटी वेगळी लावावी लागेल.

मंडळी, जरा संध्याकाळी आमच्या बाजूला येऊन बघा. व्हिस्कीच्या दुकानासमोर कोण उभे असते? ऊसतोडीवाला असतो, गवंडी असतो, ट्रकवरचा क्लीनर असतो. घेतो ती क्वार्टर, नाहीतर नाईंटी. शिकलेला आणि पैसेवाला गिऱ्हाईक स्कॉचला असेल. मळीच्या व्हिस्कीचे गिऱ्हाईक तेच आहे जे विडीचे आहे. मग न्यायालयाने सांगितलेली ती वेगळी कसोटी त्याच्यासाठी कोण लावणार?

एक आठवण सांगतो. साल १९८० च्या आसपासचे असेल. माझ्या वर्गातल्या एका मुलाची आई शाळा सुटल्यावर आली. पदराखाली एक रिकामी बाटली होती. म्हणाली, "गुरुजी, मालक रोज हे पितात. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं काय पितात अन् किती पितात. मला काय सांगता येईना. ह्याच्यावर लिहिलं असंल तर वाचून सांगा." मी चष्मा पुसून वाचू लागलो. कंपनीचे नाव, मोठ्या अक्षरात कसलेसे विलायती नाव, दोन पदके, आणि खाली '७५ प्रूफ' आणि '२५ यू.पी.' पोरगा हुशार, लगेच म्हणाला, "गुरुजी, उत्तर प्रदेशातली आहे!"

यू.पी. म्हणजे उत्तर प्रदेश नव्हे. अंडर प्रूफ. ही जुनी इंग्रजी अबकारी पद्धत. दारू बंदुकीच्या दारूवर ओतायची, आणि ती भिजलेली दारूही पेटली तर मद्य 'प्रूफ'ला उतरले. शंभर प्रूफ म्हणजे सुमारे ५७ टक्के मद्यार्क. पंचवीस अंश खाली म्हणजे पंचाहत्तर, म्हणजेच आजच्या बाटल्यांवरचे ४२.८ टक्के. हा आकडा त्या बाईसाठी लिहिलेला नव्हताच. तो कर मोजणाऱ्या इन्स्पेक्टरासाठी होता. आता टक्के लिहितात ही सुधारणा खरीच. पण टक्क्यांवरूनही किती प्यायले हे कोणाला कळते? चला, गणित करू. क्वार्टर १८० मिलीलिटरची. (नाव क्वार्टर असले तरी चार क्वार्टर मिळून ७२० होतात आणि बाटली असते ७५० ची. हाही एक गमतीचा हिशेब!) १८० चे ४२.८ टक्के म्हणजे ७७ मिलीलिटर शुद्ध मद्यार्क, वजनाने साठ ग्रॅमच्या थोडा वर. ऑस्ट्रेलियात दहा ग्रॅमला एक 'ड्रिंक' धरतात आणि बाटलीत अशी किती आहेत ते लेबलवर छापणे तिथे १९९५ पासून सक्तीचे आहे. त्या मापाने आपली एक क्वार्टर म्हणजे सहा ड्रिंक. डॉक्टरांना हवे होते ते उत्तर एवढेच होते. सहा. एक अंक! तो छापायला किती शाई लागली असती?

आपल्याकडे अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे मद्याबद्दलचे नियम २०१८ साली झाले आणि १ एप्रिल २०१९ पासून लागू झाले. मद्यार्काचे प्रमाण हवे, 'मद्यपान आरोग्यास हानिकारक आहे, सुरक्षित राहा, पिऊन गाडी चालवू नका' अशा अर्थाची सूचना हवी. ही सूचना इंग्रजीत. राज्याची इच्छा असेल तर स्थानिक भाषेत छापायची मुभा. घटकही आता बारीक अक्षरांत दिसतात. पाणी, न्यूट्रल स्पिरिट, माल्ट स्पिरिट, रंगासाठी कॅरमेल. परदेशी माल्ट घातले असेल तर ते समोर मोठ्या अक्षरांत असते. पण शंभरात किती घातले ते नसते. आणि तो न्यूट्रल स्पिरिट मळीचा की धान्याचा, हे विचारायचे कोणाला?

नाही म्हणायला २०२५ च्या जूनमध्ये महाराष्ट्र सरकारने 'महाराष्ट्र मेड लिकर' असा नवा वर्ग काढला. ती फक्त धान्यापासून करायची, १८० मिलीलिटरची किमान किंमत १४८ रुपये, म्हणजे देशीच्या ८० आणि विदेशीच्या २०५ च्या मध्ये. हेतू महसुलाचा आहे, हे सरकारने लपवलेले नाही. तरीपण एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. माल कशाचा आणि कुठला, हे वर्गाच्या व्याख्येतच आले आहे. पोटातले ओठांवर यायला महसुलाचे का होईना निमित्त झाले.

कोणी म्हणेल, पिणारा लेबल वाचून थोडाच पितो? वाचत नाही, कबूल. पण लेबलवर विश्वास ठेवतो. फेब्रुवारी २०१७ मध्ये आपल्याच जिल्ह्यात पांगरमलला निवडणुकीच्या धामधुमीत बनावट दारू पिऊन माणसे दगावली. रिकामी बाटली भंगारात जाते, कोणीतरी ती पुन्हा भरतो. आत विष असले तरी बाहेरचा कागद तोच असतो. कागदाला इतकी किंमत आहे म्हणूनच त्याची चोरी होते. मग त्या कागदाने खरे आणि समजेल असे बोलावे, ही अपेक्षा जास्त आहे का?

या सगळ्या इतिहासातून मला एक गोष्ट दिसली. बाटलीवरच्या प्रत्येक ओळीमागे कोणीतरी भांडलेले आहे. 'स्कॉच' शब्दासाठी स्कॉटलंडचे व्यापारी भांडले, म्हणून तो जपला जातो. टक्क्यांसाठी अबकारी खाते अडून बसले, म्हणून टक्के आहेत. सूचनेसाठी आरोग्याची काळजी वाहणारे भांडले, म्हणून सूचना आहे. पिणाऱ्यासाठी आणि त्याच्या घरच्यांसाठी कोणी भांडले नाही, म्हणून त्यांची ओळ नाही. इस्लिंग्टनच्या नगरपालिकेने एकदा प्रयत्न केला, तोही दुसऱ्या देशात, आणि ती हरली.

ती ओळ काय असावी? माझ्या मते चार गोष्टी पुरेत. मराठीत आणि वाचता येईल एवढ्या अक्षरांत: कशापासून केली, ऊस की धान्य, माल्ट घातले असेल तर शंभरात किती, मुरवली असेल तर किती वर्षे, नसेल तर 'मुरवलेली नाही', आणि या बाटलीत किती ड्रिंक आहेत. यात कारखान्याचे काय नुकसान आहे? उसाची दारू म्हणून जगात रम मानाने विकली जाते. आपल्या शेतकऱ्याचा ऊस आहे तो, चोरीचा माल नव्हे. त्याचे नाव लपवून दुसऱ्याचा ढोल कशाला वाजवायचा?

पिऊ नका, हे मी चाळीस वर्षे वर्गात सांगितले. काहींनी ऐकले, काहींनी नाही. ज्यांनी ऐकले नाही तेही माझेच विद्यार्थी आहेत. ते काय पितात आणि किती पितात, हे त्यांच्या बायकोला स्वतःच्या भाषेत वाचता आले पाहिजे. एवढेच म्हणणे आहे.

असो. लेख लांबला. पुढच्या वेळी हरेगावच्या बेलापूर कंपनीविषयी लिहीन म्हणतो.